बर्डीची टेकडी आणि तिच्याभोवतीची राजधानी

गावाकडून नागपूरला येणारा माणूस बहुतेक वेळा कामानंच येतो. कुणाला मेडिकलला दाखवायचं असतं, कुणाची हायकोर्टात तारीख असते, कुणाला मोटारपंपाचा सुटा भाग घ्यायचा असतो. काम बारा-एकपर्यंत आटोपतं, गावाची एसटी पाच-साडेपाचला असते, आणि मधले चार तास गणेशपेठच्या स्टँडवर बसून किंवा बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर कपड्यांची दुकानं बघत निघून जातात. त्याच चार तासांत उपराजधानीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात अर्थपूर्ण भाग पायदळ बघून होतो. कुठून सुरुवात करायची, कुठं किती थांबायचं आणि कुठं दार बंद मिळतं, ते इथं एका जागी लिहून ठेवलं आहे.

सुरुवात टेकडीपासून करा, हा माझा आग्रह आहे. बर्डी म्हटलं की सगळ्यांना बाजार आठवतो, पण बर्डी मुळात टेकडी आहे. एक मोठी, तिच्या उत्तरेला एक छोटी, मधे अरुंद खिंड. आता चारी बाजूंनी दुकानं, उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब झाल्यामुळं ती टेकडी म्हणून चटकन दिसत नाही. पण मेट्रोनं सीताबर्डी स्टेशनच्या वरच्या फलाटावर उतरून पाहिलं, की झाडीनं भरलेला तो उंचवटा नीट कळतो. आता एवढं ध्यानात घ्या: भोसल्यांचा वाडा आणि जुनं शहर, म्हणजे महाल, टेकडीच्या पूर्वेला. इंग्रजांच्या रेसिडेंटची, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातल्या त्यांच्या वकिलाची, वस्ती पश्चिमेला. दोघांच्या मधोमध ही उंच जागा. टेकडी ज्याच्या हातात, त्याच्या तोफांच्या टप्प्यात दुसऱ्याचं घर. १८१७ ची लढाई नेमकी इथंच का झाली, ते नकाशा न पाहताही या एका गोष्टीवरून समजतं.

ती लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची. अप्पासाहेब भोसल्यांची फौज संख्येनं कितीतरी मोठी, तिच्यात अरब शिपायांच्या तुकड्या होत्या आणि त्या सगळ्यात कडव्या लढणाऱ्या. इंग्रजांची फौज दीड हजाराच्या आतबाहेर. रात्रभर मारा चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या टेकडीवर इंग्रजांच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि अरबांनी ती टेकडी घेतली. तिथून मोठ्या टेकडीवर थेट मारा होऊ लागला. लढाई भोसल्यांच्या बाजूनं झुकलेली असताना फिट्झगेराल्ड नावाच्या अधिकाऱ्यानं घोडदळ घेऊन खालच्या मैदानावर चढाई केली, भोसल्यांच्या तोफा हिसकावल्या, आणि मग छोटी टेकडीही परत इंग्रजांकडं गेली. त्यानंतर नागपूरचं राज्य नावालाच भोसल्यांचं उरलं आणि १८५३ साली इंग्रजांनी ते खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, त्याची राजधानी नागपूर. पुढं १९०३ मध्ये वऱ्हाडही त्याच कारभाराला जोडलं गेलं. आज आपण ज्याला विदर्भ म्हणतो त्याचे दोन्ही तुकडे एका सरकारी छताखाली आले ते तेव्हा, आणि ते छत या टेकडीच्या आसपास उभं होतं.

किल्ल्याबद्दल सर्वांत जास्त निराशा होते, म्हणून हे आधीच सांगतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. रोज उघडा नसतो. सर्वसामान्य लोकांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशीच आत सोडतात. इतर दिवशी फाटकाशी जाऊन विनंती केली तरी उपयोग नाही, तिथला जवान नियमानं बांधलेला असतो. या तीनपैकी १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी निवडा. १ मे ला नागपूरचं ऊन टेकडीवर चढायच्या लायकीचं नसतं. गावातलं झेंडावंदन आटोपून निघालात तर पोचेपर्यंत रांग लांबलेली असते. त्या दिवशी किल्लाच बघायचा असेल तर पहिल्या गाडीनं या. आधार कार्ड जवळ ठेवा, पिशव्या कमी आणा, आणि फोटो कुठं काढायचे, कुठं नाही, ते आतले जवान सांगतील तसं ऐका. आत टिपू सुलतानाच्या घराण्यातल्या नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांची कबर दाखवतात. १८५७ मध्ये त्यांना इथं फाशी दिलं गेलं. लढाईत मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या कबरीही आहेत.

किल्ला बंद असलेल्या दिवशी टेकडीची ओळख करून घ्यायची सोपी जागा म्हणजे टेकडी गणपती. रेल्वे स्टेशनच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी. पिंपळाखालचा शेंदरी गणपती, आणि नागपूरकरांचा फार जवळचा देव. मंगळवारी आणि चतुर्थीला दर्शनाला वेळ लागतो. साध्या वारी अर्ध्या तासात होतं.

तिथून दोन मिनिटांवर रेल्वे स्टेशन. गाडी पकडायला सगळेच येतात, पण इमारतीकडं मान वर करून कुणी बघत नाही. तशी बघा. हा दगड सावनेरचा वालुकाश्म आहे, आणि ही इमारत १५ जानेवारी १९२५ ला सुरू झाली. रेल्वे मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८६७ मध्येच मुंबईहून नागपूरला पोचली होती. नागपूरच्या पश्चिमेचा सगळा मुलूख काळ्या दगडाचा, शेतातल्या विहिरी खणताना लागतो तोच. तो टिकाऊ, पण छिन्नीला दाद देत नाही, बारीक कोरीव काम करायचं तर कारागिराचा जीव निघतो. सावनेरकडचा पिवळसर दगड त्यापेक्षा मऊ, त्यामुळं कमानी, कोपरे, कंगोरे नीट काढता येतात. कमानीला हात लावून पाहिलात तर दगडातली वाळूची कणी बोटाला लागते. एकदा हा फरक डोळ्यात बसला की पुढच्या सगळ्या जुन्या इमारती बघताना तुम्ही आपोआप दगड ओळखू लागता.

आता झिरो माइल. टेकडीच्या उत्तरेला, विधान भवनाच्या वाटेवर. मेट्रोचं स्टेशनच आहे झिरो माइल फ्रीडम पार्क नावाचं, आणि सीताबर्डीहून चालत गेलात तर दहा-बारा मिनिटं. चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब, एवढंच दिसतं. लोक घोड्यांसोबत फोटो काढतात आणि निघतात. शाळेच्या सहलीतल्या लेकरांना 'हा भारताचा मध्यबिंदू' असं सांगितलं जातं, आणि तिथंच थांबतात. खरी गोष्ट याहून मोठी आहे.

हा दगड म्हणजे मोजणीचं चिन्ह आहे. साऱ्या हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या खात्यानं १९०७ मध्ये तो रोवला, आणि त्याचं मुख्य काम अंतर सांगणं नव्हतं, उंची सांगणं होतं. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. ही उंची आली कशी? समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटी मोजून पाण्याची सरासरी पातळी ठरवायची. ती शून्य धरायची. मग तिथून आत येत जायचं. एक माणूस आकडे लिहिलेली पट्टी घेऊन मागं उभा, एक तशीच पट्टी घेऊन पुढं उभा, मधे तिपाईवर दुर्बीण, तिच्यातला बुडबुडा अगदी मध्यावर आणलेला. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, पुढच्या पट्टीवरचा वाचायचा, दोन्हींचा फरक म्हणजे तेवढ्या टप्प्यातला चढ किंवा उतार. मग मागचा माणूस पुढं जातो आणि पुढचा तिथंच थांबतो. असं करत करत समुद्रापासून नागपूरपर्यंत. प्रत्येक टप्प्यात केसाएवढी चूक राहिली तरी शेकडो मैलांत ती फुगत जाते. म्हणून दुर्बीण दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधे ठेवायची, दुपारच्या उन्हात जमिनीवरची हवा थरथरते तेव्हा काम थांबवायचं, आणि अधूनमधून पक्का दगड रोवून ठेवायचा. पुढच्या माणसाला पुन्हा समुद्राकडे जायला नको, या दगडापासून मोजलं की झालं.

आपल्याकडे याचं मोल शेतकऱ्याला चटकन कळेल. कालव्याला उतार किती द्यायचा, पाटाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत चढेल की मधेच तुंबेल, हे सगळं उंचीच्या आकड्यांवर ठरतं. एक फूट चुकली तर टोकाच्या गावाला पाणीच जात नाही. तलाठ्याच्या नकाशात जमीन किती ते असतं, ती किती उंचावर आहे ते नसतं. ते काम या प्रकारच्या दगडांचं.

खांबावर अंतरंही कोरलेली आहेत, मैलांत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, रायपूर १७४, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बैतूल वगैरे. ही नावं नीट वाचा. त्यांत मुंबई नाही, पुणे नाही. १९०७ मध्ये नागपूरचा कारभार ज्या दिशांनी जोडलेला होता त्याच दिशा त्यावर आहेत. मध्यबिंदूचं म्हणाल तर तेव्हाच्या हिंदुस्थानात आजचे पाकिस्तान, बांगलादेश आणि ब्रह्मदेशही होते, त्यामुळं तेव्हाचा मध्य आणि आजचा मध्य एक असूच शकत नाही. आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातलं करौंदी गाव दाखवतात. यानं झिरो माइलचं मोल कमी होत नाही. लेकरांना मध्यबिंदूच्या जागी मोजणीची गोष्ट सांगा, त्यांना ती जास्त आवडते. दोन पट्ट्या आणि पाण्याची पारदर्शक नळी असली तर शाळेच्या मैदानावर करूनही दाखवता येते: नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी नेहमी एका पातळीत राहतं, त्यावरून पट्टीवरचे आकडे वाचायचे. गवंडी पायाची पातळी अशीच काढतो.

शेजारच्या फ्रीडम पार्कमध्ये रणगाडा ठेवला आहे, बसायला जागा आहे. पण त्या आधी याच परिसरातल्या गोवारी शहीद स्मारकाशी थांबा. गुरं राखणारा हा समाज पूर्व विदर्भातल्या गावागावांत आहे. दिवाळीत गायगोधनाला ढाल घेऊन नाचणारे गोवारी तुमच्या गावातही असतील. आदिवासी म्हणून मान्यता मिळावी, एवढी मागणी घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ ला ते हजारोंच्या संख्येनं विधान भवनावर आले. हिवाळी अधिवेशन चालू होतं. बायका, कडेवर लेकरं, सोबत भाकरी बांधलेली. मोर्चा अडवून धरला, संध्याकाळ झाली, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. दरवर्षी २३ नोव्हेंबरला समाजाचे लोक इथं येतात. बर्डीवरच्या उड्डाणपुलालाही आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे, पण त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना ते वाचायची सवड नसते. राजधानी बघायला आलेल्या गावाकडच्या माणसानं ही जागा वगळू नये, असं मला मनापासून वाटतं. इथं येण्याचा हक्क आपल्या माणसांनी फार मोठी किंमत देऊन वापरलेला आहे.

विधान भवन तिथून चालत पाच मिनिटं. १९५० ते १९५६ या काळात नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. १९६० पासून नागपूर महाराष्ट्राची उपराजधानी. हिवाळी अधिवेशन इथं भरतं ते १९५३ च्या नागपूर करारातल्या शब्दामुळं: सरकारनं दरवर्षी काही काळ नागपुरात यावं आणि एक अधिवेशन इथं घ्यावं, असं त्यात ठरलं होतं.

अधिवेशन बहुधा डिसेंबरात असतं. त्या दिवसांत या भागात फिरायला येणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, विधान भवनाभोवतीचे रस्ते सकाळपासून बंद असतात, मोर्चे निघाले की झिरो माइल आणि बर्डीचा भाग दुपारी ठप्प होतो, ऑटोवाले येत नाहीत आणि आले तर लांबून फिरवतात. त्या दिवशी मेट्रो हाच एक भरवशाचा मार्ग. दुसरी, सभागृहाचं कामकाज प्रत्यक्ष बघायचं असेल तर प्रेक्षक गॅलरीचा पास लागतो आणि तो तुमच्या मतदारसंघाच्या आमदारांमार्फत मिळतो. तो आदल्या दिवशीच पक्का करा. ऐन वेळी गेटवर उभं राहून फोन लावत बसलं तर दिवस जातो. मोबाइल आणि पिशवी बाहेर ठेवावी लागते, म्हणून दोघं असाल तर आळीपाळीनं जा. यशवंत स्टेडियमच्या परिसरात धरण्यांचे मंडप लागतात, तेही चालत फिरून बघण्यासारखे. अंगणवाडी ताई, कोतवाल, धान उत्पादक अशी सगळ्या विदर्भाची गाऱ्हाणी एका रांगेत मांडलेली असतात.

अधिवेशन नसताना विधान भवन बाहेरूनच दिसतं. फार वेळ काढू नका. कस्तुरचंद पार्ककडं वळा, म्हणजे केपी ग्राउंड. कामठीच्या कस्तुरचंद डागांनी दिलेली ही जागा, मधे नक्षीदार छत्री. २०१९ मध्ये इथं खोदकाम करताना जुन्या तोफा सापडल्या होत्या. सकाळी नऊच्या आत आलात तर जवळपास तर्री पोहे खाऊन घ्या. पोहे साधेच, पण वर काळ्या हरभऱ्याची लाल झणझणीत तर्री ओततात, आणि पहिल्यांदा खाणाऱ्यानं 'तर्री कमी' सांगितलेलं बरं. लांबचा प्रवास करून रिकाम्या पोटी आलेल्याला ती हमखास बाधते.

हायकोर्टाची इमारत सिव्हिल लाइन्समध्ये. ज्यांची तारीख असते त्यांना तिच्याकडं बघायचं मन नसतं, हे समजण्यासारखं आहे. पण काम लवकर उरकलं तर समोरच्या फुटपाथवरून पूर्ण इमारत एकदा बघा. हेन्री मेड या वास्तुविशारदानं तिचा आराखडा केला. हा माणूस नवी दिल्ली उभारणाऱ्यांपैकी होता, म्हणून मधला घुमट आणि खांबांची ओळ पाहताना दिल्लीच्या सरकारी इमारतींची आठवण होते. ९ जानेवारी १९३७ ला पाया, ६ जानेवारी १९४० ला उद्घाटन. आत कामाशिवाय सोडत नाहीत.

आता अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ चं. भारतातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. इथं किमान दीड तास द्या, मग बाकी काही सुटलं तरी चालेल. सोमवारी बंद असतं, आणि साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच वेळ, म्हणून साडेतीनच्या आत आत शिरा. लेकरं पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनातच अडकतात, त्यांना थोडा वेळ तिथं राहू द्या. मोठ्यांनी दगडी मूर्ती, शिलालेख, हत्यारं आणि आदिवासी जीवनाची दालनं बघावीत. बघायची एक पद्धत सांगतो. प्रत्येक वस्तूखालच्या पाटीवर ती कुठं सापडली ते लिहिलेलं असतं. वस्तूकडं बघण्याआधी ते गावाचं नाव वाचा. चंद्रपूर, भंडारा, वर्धा, अकोला अशी जिल्ह्यांची नावं येत राहतात, आणि एखादं नाव तुमच्या तालुक्यातलं निघतं. मग ती मूर्ती काचेआडची राहत नाही. शेतात नांगरताना मिळालेल्या वस्तूचं काय करायचं, हा प्रश्न गावात नेहमी निघतो. उत्तर हेच: ती जागची हलवू नका, धुऊ-घासू नका, फोटो काढा आणि तहसीलला कळवा. घासलेल्या नाण्यावरची अक्षरं गेली की ते नाणं कुठल्या राजाचं, हे कुणालाच सांगता येत नाही.

संग्रहालयातून निघालं की महाराजबाग. भोसल्यांची बाग, पुढं १८९४ मध्ये इथं प्राणिसंग्रहालय झालं, आणि आता पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाकडं ती आहे. हीसुद्धा सोमवारी बंद. म्हणजे सोमवारी येणाऱ्याची दोन मोठी ठिकाणं हातची जातात, आणि दवाखान्याची गर्दीही सोमवारीच जास्त, तेव्हा वार निवडता येत असेल तर मंगळवार ते शुक्रवार या. महाराजबागेत दुपारी झाडांची दाट सावली मिळते, शिदोरी सोडायला हीच जागा चांगली. मात्र पिंजऱ्यांजवळ बसून खाऊ नका, आणि लेकरांना प्राण्यांना कुरमुरे-बिस्किटं टाकू देऊ नका. हरणाच्या पोटात प्लॅस्टिकची पिशवी गेली तर ते मरतं. बागेतून नाग नदी वाहते. ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं, ती आज कशा हालतीत आहे ते पुलावरून दिसतंच.

महाल, गांधी गेट, भोसल्यांचे वाडे, कल्याणेश्वर, गांधीसागर हे सगळं टेकडीच्या पलीकडचं. एका दिवसात दोन्ही बाजू करू नका, पाय दुखतात आणि डोक्यात काही राहत नाही. महालासाठी वेगळा दिवस काढा, शक्य असेल तर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. गर्दी प्रचंड असते, लहान लेकरं नेऊ नका. गांधीसागराच्या काठाशी मात्र कापूसवाल्यांनी जरूर उभं राहावं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं सुरू झाली. भोवती कापूस, जवळ वरोऱ्याचा कोळसा आणि तलावाचं पाणी, ही तीन कारणं. वऱ्हाडातला कापूस गाठींत बांधून परदेशी जात होता, त्यातला काही इथंच सूत आणि कापड होऊ लागला.

दीक्षाभूमी टेकडीपासून थोडी दूर आहे, पण मेट्रोनं सोपी: रहाटे कॉलनी स्टेशनला उतरून चालत किंवा शेअर ऑटोनं. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा स्तूप १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. सांचीच्या घाटाचा, पण सांचीचा भरीव आणि हा आतून पोकळ, म्हणून घुमटाखाली उभं राहता येतं. भर दुपारी बाहेरचा दगड तापलेला असतो आणि चपला बाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा उन्हाळ्यात सकाळी किंवा पाचनंतर जा. आवारातल्या बोधिवृक्षाखाली सावली असते. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक येतात. तेव्हा यायचं असेल तर मुक्कामाची, पाण्याची आणि भेटायच्या जागेची आधी ठरवाठरव करा, कारण मोबाइलचं नेटवर्क त्या गर्दीत लागत नाही. आवाराभोवती पुस्तकांचे स्टॉल लागतात, शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकं घ्यायला याहून चांगला दिवस नाही.

येण्या-जाण्याचं. एसटीनं गणेशपेठला उतरलात तर कॉटन मार्केट हे मेट्रो स्टेशन त्यातल्या त्यात जवळचं, पुढचंच सीताबर्डी. तिथं दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात: एक कस्तुरचंद पार्क, झिरो माइलकडून येऊन रहाटे कॉलनी, खापरीकडं जाणारी, दुसरी प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. गाडी बदलायची असेल तर स्टेशनबाहेर पडू नका, आतूनच मजला बदला. बाहेर पडलात की तिकीट संपलं. मेट्रोच्या गेटवर पिशव्या यंत्रातून तपासतात. विळा, कोयता, कुऱ्हाडीचं पातं, डिझेलचा कॅन, फवारणीचं औषध यातलं काही सोबत असेल तर अडवतात आणि ते बरोबरही आहे. म्हणून शेतीची खरेदी फिरून झाल्यावर, परत जाताना करा. मेट्रो स्टेशनवरची स्वच्छतागृहं बायकांसाठी मोठी सोय आहे. बर्डीच्या बाजारात ती शोधत फिरण्यापेक्षा तिथंच जाऊन या.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चच्या अखेरपासून दुपारी बारा ते चार या भागात चालू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि गावातल्या झाडाखालचं ऊन वेगळं, डांबर-सिमेंटवरचं वेगळं. डोक्याला दुपट्टा, माणशी दोन लिटर पाणी, आणि दुपारचे ते चार तास संग्रहालयात किंवा महाराजबागेत.

शाळेची सहल आणणाऱ्या गुरुजींसाठी: एसटीची शालेय सहलीची सवलत असते, आगारात शाळेच्या पत्रासह आधी अर्ज करा. बर्डीच्या मेन रोडवर बस थांबवता येत नाही, कस्तुरचंद पार्कच्या बाजूला लेकरं उतरवा. दहा लेकरांमागे एक मोठं माणूस, आणि प्रत्येकाच्या खिशात शाळेचं नाव व गुरुजींचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी. क्रम असा ठेवा: केपी ग्राउंड, झिरो माइल, गोवारी स्मारक, विधान भवन बाहेरून, अजब बंगला, महाराजबागेत जेवण. त्यानंतर बस तिथंच बोलवा. रस्ता ओलांडायची वेळ जितकी कमी, तितका जीवाला घोर कमी.

परतीचं पहिल्यांदा बघायचं, शेवटी नाही. सकाळी स्टँडवर उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर गावाकडच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या, कारण गावात मुक्कामी जाणारी गाडी वेळेआधी भरते आणि ती हुकली तर तालुक्यापर्यंतच सोय होते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, पण वयाचा पुरावा दाखवावाच लागतो. गाडीच्या आधी अर्धा तास उरला आणि हंगाम असला तर स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटमधून संत्री घ्या. आंबिया बहाराची ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारीपासून पुढं. घेताना फळ हातात तोलून बघा, आकाराच्या मानानं जड लागलं तर रसाचं, हलकं आणि साल फुगलेलं असेल तर आत फोडी सुकलेल्या असतात.